कुटुंब क्रमांक एक

रोज सकाळी नोंदणीखोलीचं कुलूप उघडलं की ती आधी पेन्सिलीला टोक काढायची. चहा नंतर, फायली नंतर, कुणी दारात येऊन उभं राहिलं तर तेही नंतर. टोकयंत्र तिला चालत नसे. "ते मेलं निम्मी पेन्सिल खातं," म्हणायची. खणातून ब्लेडचा अर्धा तुकडा काढायचा, रद्दी कागदावर पेन्सिल धरायची आणि बटाटा सोलावा तशी सावकाश सालं उतरवायची. मग टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवायचं. नखावर बारीक ठिपका उमटला की दिवस सुरू. ब्लेड परत कागदात गुंडाळून खणात जायचं. त्या नखावरचा राखाडी ठिपका बावीस वर्षांत पुरता धुतला गेला नाही.

खोली इस्पितळाच्या तळघरात होती. वरून जाणाऱ्या पाण्याच्या नळाचा आवाज दिवसभर भिंतीत चाले. लोखंडी कपाटात एकशे चौदा कुटुंबं होती, प्रत्येकाचं एक मोठं पान, चार घड्या घातलेलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. नवराबायकोमध्ये आडवी रेघ, तिच्यावरून खाली लोंबणारी मुलं. माणूस गेला की त्याच्यावर तिरकी रेघ. रक्ताचा कर्करोग झालेला असेल तर आकृती आतून काळी. नुसत्या सांगण्यावर काळं करायचं ते पेन्सिलीनं; इस्पितळाचा कागद हाती आला की मग शाईनं. शाईनं केलेलं खोडायचं नाही, हा ही नोंदणी चालवणाऱ्या डॉक्टरबाईंचा नियम.

घरोघरी जाऊन ही पानं तीच भरायची. एका म्हाताऱ्यानं तिच्या मांडीवरचं पान पाहून विचारलं होतं, "काय बाई, झाडं विकता का?" तेव्हापासून ती सगळ्यांची झाडवाली. त्याच म्हाताऱ्यानं आपल्या घराण्याची माहिती दिली ती अशी: "आमच्याकडं आजारबिजार नाही. सगळे धडधाकट मेले."

ती हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली होती. त्या धडधाकट मेलेल्यांपैकी दोघे काळे निघाले.

कारण लोक खोटं बोलतात हे तिला ठाऊक होतं, आणि का बोलतात हेही. मेलेल्यांसाठी कुणी खोटं बोलत नाही. बोलतात ते जिवंतांच्या लग्नासाठी. घराण्यात रोग आहे म्हटलं की मुलीला कोण पाहायला येणार? म्हणून कुणी 'तापानं' जातं, कुणी 'पडून' जातं. तरण्या बाया बहुतेक बाळंतपणात जातात. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्याच दिवशी बजावायची, "बाळंतपणात गेली असं ऐकलं की मान डोलवायची, चहा प्यायचा आणि निघायचं. दुसऱ्या दिवशी परत विचारायचं. तिसऱ्यांदा विचारायचं ते दुसऱ्याच कुणाला तरी. मूल जगलं का, कुठं आहे, नाव काय ठेवलं होतं, ते विचारायचं. खोट्याला बारसं करायचं सुचत नाही."

मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या.

ती स्वतः वाढली ती चपला-बुटांच्या गल्लीत. तिथं खाली चूल आणि वर कारखाना अशी घरं. कारखाना म्हणजे काय, तर एक बुटकं बाक, तळव्यांची चळत आणि पिवळ्या गोंदाचा उघडा डबा. ओल्या गोंदावर धूळ बसू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. त्या बंद खोलीत गोंदाचा वास गोड लागायचा; शाळेतून आलं की दोघं भावंडं मुद्दाम डब्याजवळ नाक नेऊन उभी राहायची. वडील कुंचला फिरवता फिरवता म्हणायचे, "फुकटचं अत्तर आहे, घ्या."

ती चोवीस वर्षांची असताना वडिलांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. अंगावर न आपटता निळे डाग उठले. पाच महिन्यांत खेळ आटोपला. तिचं ठरलेलं लग्न त्यातच मोडलं. मुलाकडच्यांनी काही बोलून दाखवलं नाही, नुसतं येणं बंद केलं. गल्लीत त्याच दोन वर्षांत आणखी तिघे तसेच गेले, तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरबाई वही घेऊन आल्या. त्यांना एकच गोष्ट शोधायची होती: हा आजार घराण्याच्या रक्तातून येतो, की या बंद खोल्यांतल्या हवेतून?

गल्लीत त्यांना दार उघडेना कुणी. हिनं उघडलं. वर त्यांच्याबरोबर चार दारं ठोठावली. महिन्याभरात डॉक्टरबाईंनी तिला कामावरच ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "पहिलं पान तुमच्याच घराचं काढा. हात बसेल."

त्या संध्याकाळी ती पान घेऊन आईसमोर बसली. आई बुटांच्या अस्तराचे निघालेले धागे कातरत होती. आजोबा, आजी, काका, सगळं भराभर झालं. वडिलांचा चौकोन तिनं स्वतः काळा केला.

"आणि धाकटी आत्या?"

"बाळंतपणात गेली."

"कधी?"

"चार वर्षांची होतीस तू. लिही आणि ऊठ आता, भात करपेल."

तिनं वर्तुळ काढलं, त्यावर तिरकी रेघ ओढली, आत पांढरं ठेवलं. वर कोपऱ्यात लिहिलं, कुटुंब क्रमांक एक. मग उठून भात उतरवला.

पुढची अठरा वर्षं ते पान कपाटात तळाशी राहिलं. त्यावर एकशे तेरा घरं येऊन बसली. गल्लीतली पानं पुरी झाली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी दिसली. काळे चौकोन आणि काळी वर्तुळं रक्ताच्या रेघेनं चालत नव्हती. एका घरात जावई काळा, एकात सून. एका घरात तर पोटमाळ्यावरचा भाडेकरू. नातं कुठलं? तर एकाच डब्यात कुंचला बुडवण्याचं.

"गोंदच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या दिवशी ती तळघरातून पळत वर आली होती. गोंद असेल तर सुटका होती. गोंद सोडता येतो. रक्त सोडून कुठं जाणार? तिनं गल्ली डोक्यावर घेतली. खिडक्या उघडा, बाकं अंगणात काढा, डब्याला झाकण लावा. लोकांनी आधी शिव्या घातल्या. "स्वतःचा बाप खाल्लान, आता आमच्या पोटावर उठलीय," असं एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली. पण हळूहळू बाकं बाहेर आली. पुढं व्यापाऱ्यांनी गोंदही बदलला. नंतरच्या वर्षांत गल्लीतलं नवं काळं पान निघालं नाही. कुणी तिचे आभार मानले नाहीत. मानायचे असतात हे तिच्याही ध्यानात आलं नाही.

सगळ्यात आधी तिनं बाक बाहेर फेकलं होतं ते धाकट्या भावाचं. भावाला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. "ताई, मला दुसरं काय येतं?" तो म्हणाला. तिनं त्याला पिशव्यांच्या चेन बसवायला शिकायला लावलं, नाक्यावर दीड हात रुंदीचं दुकान बघून दिलं. भाचीला ती लहानपणापासून एकच सांगायची, "तू नशीबवान. तुझ्या नाकात तो वास गेलाच नाही."

म्हणून भाऊ बेचाळिसाव्या वर्षी आजारी पडला, तेव्हा तिचा विश्वासच बसेना. मग तिनं स्वतःची समजूत घातली: लहानपणचा गोंद. फुकटचं अत्तर.

डॉक्टरबाईंनी पहिलं पान मागवलं. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, चष्मा दोरीला लटकत होता. त्यांनी पान टेबलावर उलगडलं.

"तुमच्या घरात गोंदाला हात न लावलेलं कुणी या आजारानं गेलंय का?"

"नाही."

"नक्की?"

"पान तुमच्यासमोरच आहे की," ती म्हणाली. तिला थोडा रागही आला. एकशे चौदा पानं जिनं काढली तिला हे विचारायचं?

भावाला दुसऱ्याच्या निरोगी पेशी द्याव्या लागणार होत्या. तिच्या त्याच्याशी तंतोतंत जुळल्या. इतकं जुळणं भाग्याचं, असं सगळे म्हणाले. आईनं तिची दृष्ट काढल्यासारखा चेहरा नुसता कुरवाळला. चार तास हाताला यंत्राच्या नळ्या लावून ती पडून राहिली, आणि संध्याकाळी तिच्या पेशींची पिशवी भावाच्या खाटेशी टांगली गेली. गुलाबी, सरबतासारखी.

"आता जरा शहाणा होशील," ती काचेपलीकडून फोनवर म्हणाली. "माझं रक्त आहे."

"शहाणा कसला, भांडखोर होईन. सगळ्यांना तीन तीनदा विचारत सुटेन."

तेरा महिने तो बरा होता. केस उगवले, दुकान उघडलं, भाचीच्या कॉलेजात जाऊन प्राध्यापकांशी खरंच भांडून आला. चौदाव्या महिन्यात हिरड्यांतून रक्त आलं.

डॉक्टरबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. कागद त्यांच्या हातातच होता; तो त्यांनी तिच्याकडं सरकवला नाही, ही वाईट खूण तिला कळली.

"जुना आजार परतलेला नाही," त्या म्हणाल्या. "हा नवा आहे. बिघडलेल्या पेशी त्याच्या नाहीत. बाईच्या आहेत."

तिला क्षणभर समजलं नाही.

"तुम्ही दिलेल्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं फार क्वचित होतं. झालं की एकच शंका येते. दोष देणाऱ्यातही आधीपासून असतो. घराण्यातला. ते पान पुन्हा बघू या का?"

बघायचं काय होतं? पान तिला पाठ होतं. त्यावर एकच जागा अशी होती जिथं ती दुसऱ्यांदा गेली नव्हती.

आई खिडकीशी बसली होती. आता धागे कातरायला नव्हते, तरी बोटं चालूच असायची, पदराच्या काठावर.

"आई, धाकटी आत्या कशानं गेली?"

"सांगितलंय की एकदा."

"पुन्हा सांग."

"बाळंतपणात."

"मूल?"

आईची बोटं थांबली. "तेही गेलं. तिच्याबरोबर."

"नाव काय ठेवलं होतं?"

आईनं तिच्याकडं पाहिलं नाही. बाहेर कुणाची तरी सायकल घसरल्याचा आवाज आला, कुणी तरी हसलं. दुसऱ्या कुणाच्या घरी ती या वेळी पेन्सिल खाली ठेवून गप्प बसली असती. तशीच ती गप्प बसली.

"पोरीचं लग्न व्हायचंय अजून," आई शेवटी म्हणाली. "तुझ्या कागदावर काही लिहू नकोस."

तिसऱ्यांदा ज्याला विचारायचं तो माणूस नऊ तासांच्या अंतरावर होता. आत्याचे यजमान, आतोबा. पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांचं गाव उंचावर, मोकळ्या वाऱ्याचं. कारखाना नाही, धूर नाही, गोंदाचा डबा पाहिलेला माणूस नाही. घराच्या मागं त्यांनी लावलेली लिंबं होती. तिनं ती हवा छातीभर घेतली आणि तिला रडू आलं, कारण इतक्या चांगल्या हवेत एक माणूस गेलं होतं.

"बाळंतपण?" आतोबा म्हणाले. "अगं, तिला कधी दिवसच गेले नाहीत."

त्यांची दुसरी बायको आत जाऊन एक पत्र्याची पेटी घेऊन आली. "यांना कुठं काय सापडतं? मीच ठेवलंय सगळं," ती म्हणाली. सवतीच्या इस्पितळाचा बेचाळीस वर्षांपूर्वीचा कागद तिनं प्लास्टिकमध्ये घालून जपला होता. त्यावर आजाराचं नाव स्पष्ट होतं, शिक्का होता, तारीख होती. वय सत्तावीस.

"तुझ्या आईचं पत्र आलं होतं तेव्हा," आतोबा म्हणाले. "घरात दोन पोरं वाढतायत, कुणी विचारलं तर बाळंतपणात गेली म्हणा. मी पोस्टमन माणूस. पत्रात लिहिलेलं पोचवायचं, एवढंच ठाऊक. पण पोरी, पोचवायला कुणी विचारलंच नाही. आज तू पहिली."

ती परत आली ती थेट तळघरात. नळ भिंतीत वाहत होता. तिनं पान काढलं, आत्याच्या वर्तुळाला आधी पेन्सिलीनं काळं केलं, मग कागद शेजारी ठेवून शाईनं. सगळं मिळून एवढंच काम. दोन मिनिटंही लागली नाहीत.

पुढचं डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच झालं. तिची तपासणी, भावाच्या कातडीच्या तुकड्याची तपासणी. दोघांतही तोच दोष. "गल्लीतल्या बाकीच्यांना गोंदानं मारलं, ते तुमचं खरंच होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या घरात मात्र गवत आधीच वाळलेलं होतं. वडिलांच्या वेळी गोंदानं काडी टाकली असेल. आत्याला काडीसुद्धा लागली नाही."

एकशे चौदा घरांत एकच घर रक्ताचं निघालं होतं.

आता एकच आशा उरली होती. भाचीच्या पेशी बापाशी अर्ध्या जुळत होत्या आणि अर्ध्यावरही भागवता येतं. भाची अठरा वर्षांची. कधीची बाही वर करून बसली होती.

"आधी तुला तपासावं लागेल," ती भाचीला म्हणाली. "तपासलं की तुझं तुला कळेल. मग ते परत न कळल्यासारखं करता येत नाही. आजीचं म्हणणं आहे, नको."

"आणि न तपासता दिलं तर?"

"तर मी केलं तेच तू करशील."

भाचीनं हात पुढं केला. बारा दिवसांनी कागद आला. तिच्यातही होता.

डॉक्टरबाईंनी बाहेरच्या दात्यांच्या यादीत शोधलं. जुळणारं कुणी मिळालं नाही. भावाला तिनंच सगळं सांगितलं, आत्यापासून भाचीपर्यंत, क्रमानं, पान भरावं तसं. तो छताकडं बघत ऐकत होता. आता त्यानं काहीतरी बोलावं, शिवी द्यावी, असं तिला वाटत होतं.

"मीही कधी विचारलं नाही, ताई," तो म्हणाला.

अकरा दिवसांनी तो गेला. त्याच्या चौकोनावर तिरकी रेघ तिनंच ओढली. भाचीच्या वर्तुळात मधोमध एक ठिपका दिला. दोष आहे पण आजार नाही, अशांची ती खूण. आईनं पुढं त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. दोघी एका खोलीत राहायच्या, एकमेकींना वाढायच्या, आणि एकीनं विचारलं नाही व दुसरीनं सांगितलं नाही ही गोष्ट मध्ये मांडी घालून बसलेली असायची.

ती कामावर जात राहिली. शिकायला येणाऱ्या मुलींना तीनदा विचारायचा नियम सांगणं तिनं सोडलं नाही, पण सांगताना आता ती कपाटाकडं बघायची. एकीनं विचारलं, "बाई, तुमचं पान कुठलं?" ती म्हणाली, "तळाला आहे. सगळ्यात आधी तेच वाच. कसं काढू नये ते कळेल."

दोन वर्षांनी तिच्या दंडावर निळे डाग उठले. कुठं आपटलं का, असं आईनं विचारलं. ती "हो" म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आईची भाषा पुरती कळली. दुसऱ्या दिवशी खोलीत येऊन तिनं पेन्सिलीला टोक काढलं, नखावर ठिपका पाहिला आणि स्वतःचं वर्तुळ भरून टाकलं. शाई नाही, कागद यायचा होता.

कागद आला. तिच्या अंगात आता कुणाला देण्यासारखं काही नव्हतं, आणि घ्यावं असं जुळणारं माणूसही कुठं नव्हतं.

खाटेवर तिनं शेवटची तीन अर्धवट पानं मागवून घेतली. रक्त गोठेनासं झाल्यामुळं नर्सनं ब्लेड तिच्या हाती द्यायला बंदी केली होती, म्हणून भाची रोज संध्याकाळी येऊन पेन्सिलीला टोक काढून द्यायची. भाचीला ते नीट जमत नसे, लाकडाची ढलपी निघायची, शिसं मोडायचं. ती पडल्या पडल्या नुसती बघायची. मध्येच भाची म्हणायची, "अशी बघू नकोस गं आत्या, परीक्षेसारखं वाटतं."

त्या संध्याकाळी टोक बरं निघालं. भाचीनं ते स्वतःच्याच अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं आणि पेन्सिल उशाशी ठेवली. खाटेवरची सालं झटकून ती भांडी विसळायला उठली.

"ब्लेड कागदात गुंडाळून ठेव हं," आत्या म्हणाली. "कुणाच्या तरी बोटाला लागेल."